शऱ्याचं जहाज

प्रिय विन्या,

शऱ्याने जहाज घेतलं. होय, आपल्या मॉडेल रेल्वेच्या बंदरासाठी, आणि एचओमध्येच, म्हणजे १:८७ प्रमाणात. नुसतं फायबरचं कवच आहे, पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेलं, १६१ सेंमी लांब आणि २६ सेंमी रुंद. म्हणजे प्रत्यक्षातलं १४० मीटरचं फीडर जहाज, छोट्या बंदरांशी कंटेनरची ने-आण करणारं. आपला देखाव्याचा बोर्ड पुढून मागे ६० सेंमी खोल आहे हे त्याला ठाऊक होतं का, असं विचारलं. ठाऊक होतं. ‘बसवा की, तुम्ही दोघं हुशार आहात ना,’ म्हणाला.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर नाही, त्याच्या शिव्या तू देशीलच, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, जहाज मिळालं ना, मग रडता कशाला? तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

फुकटात आलं म्हणून नावं ठेवतोय असं समजू नकोस. जहाज निवडलंय त्याने शहाणपणाने. पनामाच्या जुन्या कालव्यातून जेमतेम जाणारं २९४ मीटरचं जहाज एचओत ३ मीटर ३८ सेंमी होतं, आणि सुएझमध्ये अडकलेलं ते ४०० मीटरचं ‘एव्हर गिव्हन’ साडेचार मीटरच्या वर. त्या मानाने हे पोर आहे. पण आपली अडचण लांबीची नाहीच, रुंदीची आहे. बंदराच्या देखाव्यात सगळेजण लांबी मोजतात आणि खोलीत मार खातात.

हिशोब बघ. गाड्या पुढे, पाणी मागे, हे आपलं ठरलेलंच आहे. पुढचा काठ ३० मिमी. यार्डातल्या गॅन्ट्री क्रेनचा (कमानीसारखी, रुळांवर सरकणारी) रूळ आणि भोवतीची मोकळी जागा २५. तिच्याखाली गाडीचे दोन रूळ, केंद्रापासून केंद्रापर्यंत ५० मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंची मोकळीक धरून ९५. ट्रकची वाट ४५. कंटेनरच्या चार ओळी: कंटेनर २८ मिमी रुंद, मधल्या फटी ४-४ मिमी, एकूण १२४. गॅन्ट्रीचा दुसरा रूळ २५. मागचा रस्ता ७०. मग धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनच्या दोन रुळांमधलं अंतर, १५.२४ मीटरचं जुनं माप धरलं तर १७५. समुद्राकडच्या रुळापासून धक्क्याच्या कडेपर्यंत ३५. फेंडरसाठी (जहाज आपटू नये म्हणून धक्क्याला लावलेली गादी) १२. आणि जहाज लांबीत मधोमध चिरून बॅकड्रॉपला, म्हणजे मागच्या रंगवलेल्या भिंतीला, चिकटवलं तर १३०. बेरीज ७६६ मिमी. अख्खं जहाज ठेवायचं तर जवळपास ९० सेंमी, आणि तितक्या लांब तुझाही हात पोचत नाही, माझा तर सोडच.

नव्या क्रेनच्या रुळांमधलं अंतर ३०.४८ मीटर असतं. ते एचओत ३५० मिमी, म्हणजे अर्ध्याहून जास्त बोर्ड नुसत्या क्रेनच्या पायांमध्ये गेला. म्हणून क्रेन जुन्या धाटणीचीच हवी. तुझं ‘एन घेतलं असतं तर’ मला इथपर्यंत ऐकू येतंय. एनमध्ये, म्हणजे १:१६० प्रमाणात, हे सगळं ४१७ मिमीत बसलं असतं, मान्य. पण तो वाद आपण मिटवलाय, आणि मिटवताना तू काय काय म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही.

तर ७६६ वरून ६०० वर यायचं. मागचा रस्ता ७० चा ४० केला, एकेरी वाहतूक. हॅच कव्हर (जहाजाच्या पोटावरची झाकणं) उतरवून ठेवायची जागा त्यात गेली, पण जहाजाची कव्हरं बंदच दाखवली आणि काम फक्त डेकवरच्या कंटेनरांचं ठेवलं की खटकत नाही. कंटेनरच्या चार ओळींच्या तीन केल्या, ३२ वाचले. पुढच्या काठाचे ४ खरवडले. उरले १००, आणि ते फक्त जहाजातूनच निघतात. म्हणजे जहाज १३० चं ३० मिमी. एक कंटेनर २८ मिमी रुंद, त्यामुळे डेकवर खऱ्या कंटेनरची एकच ओळ, आणि तिच्यामागे चढत्या-उतरत्या उंचीची नुसती छापील पट्टी. समोरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, कारण तो कायम पहिलीच ओळ बघतो.

आता खरी मेख. शऱ्याच्या कवचाच्या बाजूने ३० मिमीचा काप काढला तर त्यात टोकं येतच नाहीत. पुढचा आणि मागचा भाग आत वळलेला असतो. सरळ भिंतीसारखा असतो तो फक्त मधला भाग. १६१ सेंमीतून कामाचा तुकडा मीटरभर निघाला तर नशीब. म्हणजे त्याचं जहाज नुसतं अर्धं होणार नाही, त्याची फळी होणार आहे. दोन्ही टोकं लपवावी लागतील: डावीकडे रिकाम्या कंटेनरांची उंच थप्पी (रिकाम्यांची थप्पी वेगळीच रचतात आणि भरलेल्यांपेक्षा उंच नेतात, त्यामुळे ती खोटी वाटत नाही), उजवीकडे बोर्डाची कड.

आणि चिरायचं तरी कसं? कवच नुसतं कापलं की त्यातला ताण सुटतो आणि भिंत बाहेरच्या बाजूला फाकते, मग ती परत सरळ होत नाही. म्हणून कापण्याआधी आतून दर १५ सेंमीवर ६ मिमी प्लायच्या आडव्या चौकटी इपॉक्सीने बसवायच्या, दोन दिवस सोडायचं, आणि मग कवचासकट त्या चौकटीही कापायच्या. बारीक दातांचं पातं, मास्किंग टेप लावून त्यावर रेघ, आणि तोंडाला मास्क, कारण फायबरची धूळ वाईट. उरलेला मोठा तुकडा टाकायचा नाही. त्याचं काय करायचं ते नंतर बोलू. मला वाटतं, शऱ्याच्या भिंतीवर लावावा.

गाडी धक्क्यावरच्या क्रेनच्या पायांमधून न्यायची, हे तू पत्रात पुन्हा लिहिलंयस. अरे, जुन्या धक्क्यांवर तसे रूळ असायचे, नाही म्हणत नाही. पण मोठ्या टर्मिनलवर आता गाडीचं यार्ड बहुतेक वेगळं असतं आणि मधली ने-आण ट्रॅक्टर-ट्रेलर करतात. प्रत्येक कंटेनरसाठी वॅगन नेमकी क्रेनखाली यावी म्हणून अख्खी गाडी मागेपुढे सरकवायला लागली, तर क्रेन थांबते, आणि क्रेन थांबली की जहाज अडकतं. आपल्यालाही ते सोयीचंच आहे. गाडी पुढे राहिली तर हाताशी राहते, आणि लोक शेवटी गाडीच बघायला येतात.

रुळांबद्दल एवढंच. कंटेनर चढवायचे-उतरवायचे रूळ सरळ हवेत, रूळ बदलायचे सांधे दोन्ही टोकांना. ६० फुटी वॅगन साधारण २२७ मिमी, सहा वॅगनांना १ मीटर ३६ सेंमी, इंजिनासाठी वेगळी जागा. तिथे पोचणारी वळणं वॅगनच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्येपेक्षा कमी नकोत, म्हणजे ७० सेंमी धर. यार्डात काँक्रीट रुळाच्या बरोबरीने असतं; त्यासाठी कोड ८३ च्या (साधारण २.१ मिमी उंचीच्या) रुळाशेजारी स्लीपरवर १.५ मिमी स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकची पट्टी. रुळाच्या डोक्यापेक्षा ते किंचित खालीच राहायला हवं, नाहीतर रूळ घासून साफ करताना दरवेळी रंग निघेल आणि एखादं चाक त्यावर चढून वीज तुटेल. एकाच मार्गाच्या दोन पट्ट्यांमधली, म्हणजे चाकांमधली, पट्टी १३.९ मिमीपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंना चाकाच्या कडेसाठी १.३ मिमी फट राहिलीच पाहिजे. आणि काँक्रीट घालण्याआधी प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर सोल्डर करून गाडी दोन्ही दिशांनी हळू चालवून बघायची. नंतर खणायला लागलं तर मी नाही, तू येणार आहेस.

वॅगनचं वजन वॅगनमध्येच हवं, कंटेनरमध्ये नाही, नाहीतर रिकामी गाडी ढकलताना उलटते. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने या लांबीला साधारण १५५ ग्रॅम होतात. तेवढे नाही जमले तर निदान सगळ्या वॅगन सारख्या वजनाच्या असू देत.

कंटेनर मात्र मला मोजून हवेत. तीन ओळी, लांबीत पाच, चार उंच, म्हणजे साठ, सगळे ४० फुटी. समोरून आणि वरून दिसणारे सोडले तर मागच्या दोन ओळींतले, मधल्या तीन जागांतले, खालच्या तीन थरांतले असे अठरा कधीच दिसत नाहीत. तिथे काळा रंग दिलेले लाकडी ठोकळे. बाकीचे बेचाळीस नीट. पण थप्पी सपाट ठेवू नकोस! खालचा कंटेनर काढायला वरचे हलवून ठेवायला मोकळ्या जागा लागतात, त्यामुळे आयातीच्या थप्प्या दातपडक्याच असतात. निर्यातीच्या जास्त नीट, आणि त्यात जड कंटेनर वर ठेवतात, कारण जहाजात ते आधी, तळाशी जायचे असतात.

आणि एक. दोन २० फुटींवर ४० फुटी चालतो, ४० फुटीवर दोन २० फुटी नाही. ४० फुटीचं वजन त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांवर येतं, मधोमध खांबच नसतो, मग २० फुटींचे आतले कोपरे कशावर टेकणार? ही चूक मी मोठमोठ्या प्रदर्शनांतल्या लेआउटवर बघतो आणि मग मला पुढचं काही दिसत नाही. आप्पा म्हणतात, तू लग्नाला गेलास तरी मांडवाच्या गाठी तपासशील.

त्यांना सांगू नकोस, पण मी क्रमांकही तपासणार आहे. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला तपास-अंक. अक्षरांना १० पासून किमती, ११, २२ आणि ३३ सोडून. मग डावीकडून १, २, ४, ८ असं ५१२ पर्यंत गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, उरते ती बाकी. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून शेवटचा अंक ३. डीकॅल (कंटेनरवर चिकटवायची छापील अक्षरं) छापताना हवे तसे आकडे टाकलेस तर शऱ्याला कळणार नाही, मला कळेल. एकाच क्रमांकाचे दोन कंटेनर तर कुणालाही कळतील.

आता माळा. हेच झोप उडवतंय. बोर्डापासून माळ्याचा तळ ५० सेंमीवर. धक्क्यावरच्या क्रेनची समुद्राकडची भुजा आडवी सोडली तर समुद्राकडच्या रुळापासून ७७ मिमीवर बॅकड्रॉप लागतो, म्हणजे भुजा भिंतीत घुसते. भुजा कापून पुढचा भाग बॅकड्रॉपवर रंगवायचा, असं शऱ्या म्हणतो. बाजूने बघितलं की ते तुटलेलंच दिसणार. भुजा वर उचलून ठेवावी तर तेही खरंच असतं, जहाज लागताना आणि सुटताना ती वरच असते. पण आडवी तुळई २९ सेंमीवर आणि भुजा ३१ सेंमी, उभी केली की टोक ६० च्या आसपास. माळ्याला भोक पाडायचं का? माळ्यावर काय काय आहे ते तुला माहीत आहे.

तोडगा सापडलाय. विमानतळाजवळच्या काही बंदरांत भुजा वर उचलणं चालत नाही, विमानांच्या वाटेत येते. फ्लोरिडातल्या पोर्ट एव्हरग्लेड्सला म्हणून बुटक्या क्रेन आहेत. त्यांची भुजा उचलली जात नाही, आडवीच जमिनीकडे सरकते. तशी क्रेन केली तर एकूण उंची ३६ सेंमीत बसते. भुजा मागे घेतली की ३१ सेंमी पुढे यार्डावर येते आणि बोर्डाच्या काठाच्या जवळपास ४ सेंमी आत थांबते. यार्डातली गॅन्ट्री २३ सेंमी उंच ठेवली तर ती भुजेखालून निघून जाते. मी कागदावर दोनदा ओढून बघितलं. बसतंय, विन्या!

फक्त भुजा सरकणारी करायची की एका जागी चिकटवायची, ते तू ठरव. सरकणारी केली तर पितळी चॅनेलमध्ये चालव. प्लास्टिकवर प्लास्टिक काही दिवसांनी अडकतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? घर मिळालं का? चिनूला शाबासकी, वहिनींना नमस्कार, त्यांनी मागितलेलं पुस्तक पाठवतो, नक्की.

जहाज चिरायचंय हे शऱ्याला तू सांग. माझ्याकडून ऐकलं तर तो कवच परत घेऊन जाईल. तुझ्याकडून ऐकलं तर निदान आधी भांडेल, आणि तोवर मी चौकटी बसवून ठेवतो.

तुझा,
मन्या