माल घरपोच, तक्रार मात्र वाऱ्यावर

महोदय,

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरी-बोअरवरच्या मोटारी आणि स्टार्टर दुरुस्त करणं हा माझा धंदा. मोटार बंद पडली की शेतकऱ्याचा फोन येतो आणि मळ्यात जाऊनच काम करावं लागतं. स्टार्टर उघडायला सपाट जागा हवी. बांधावर उघडला तर स्क्रू हरवतात, पॉइंटात माती जाते. म्हणून माझ्या जुन्या बोलेरोच्या मागच्या दाराला आतून लावायचं घडीचं टेबल एका कंपनीकडून ऑनलाइन मागवलं. 'टेलगेट टेबल' या नावाने ते विकलं जातं. अॅल्युमिनियमचा पत्रा, खालच्या कडेला बिजागरी, आणि उघडल्यावर त्याला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या पोलादी तारा. खोक्यावर छापलं होतं, पंचवीस किलो वजन पेलतं, एक वर्षाची वॉरंटी.

सावद्याजवळच्या एका मळ्यात काम चालू असताना उजवीकडची तार निसटली. टेबलावर उघडलेला स्टार्टर, मीटर आणि पान्यांची पिशवी, एवढंच होतं. सगळा भार एका बाजूला गेला, बिजागरीचे रिव्हेट पत्रा फाडून बाहेर आले आणि सामान माझ्या पायाशी कोसळलं. मळ्याचे मालक नाना धावत आले, "तुले लागलं त नाही ना भाऊ?" मला लागलं नाही, पण त्यांच्या स्टार्टरचा काँटॅक्टर, म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा भाग, फुटला. भर उन्हाळा, केळी निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली, अशा वेळी पाण्याचा खंड परवडत नाही. त्याच संध्याकाळी पदरच्या पैशाने नवा काँटॅक्टर टाकून मोटार चालू करून दिली.

घरी येऊन ती तार नीट पाहिली. तारेचा एकही पदर तुटलेला नव्हता. टोकाला अॅल्युमिनियमची जी लहान नळी दाबून बसवलेली असते, तिच्यातून तार सबंध सरकून बाहेर आली होती. नळीवर दाब नीट बसलेलाच नव्हता. तिच्या अंगावर यंत्राच्या जबड्याची पुसट खूण तेवढी दिसत होती. डावीकडच्या नळीवर तीच खूण खोल आहे. वजन जास्त झालं असतं तर पत्रा वाकला असता, तारेचे पदर तुटले असते. हा दोष कारखान्यातलाच आहे, आणि तो तपासणीत कोणाच्या नजरेला पडला नाही.

हे सगळं फोटोंसह कंपनीला कळवलं. उत्तर आलं, 'जास्त वजन ठेवल्याने नुकसान, वॉरंटी लागू नाही.' फोटो कोणी उघडूनही पाहिले नसावेत, कारण नंतर तेच फोटो पुन्हा मागितले. फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा. निर्णय घेऊ शकेल अशा माणसाशी बोलणं करून द्या म्हटलं की फोन होल्डवर. शेवटी सांगितलं, टेबल तुमच्या खर्चाने आमच्या गोदामात पाठवा, तुमच्या पिनकोडवर परत नेण्याची सोय नाही. याच पिनकोडवर कंपनीने टेबल दारात आणून दिलं होतं आणि पैसे आगाऊ घेतले होते! त्यानंतर मोबाइलवर संदेश आला: 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' या संदेशाचा मला सगळ्यात जास्त संताप आला. मी दुरुस्त केलेली मोटार पुन्हा बंद पडली तर शेतकरी मला रात्री उठवतो, आणि मी जातो. ग्राहकाला तोंड देणं हा धंद्याचाच भाग आहे.

आपल्या भागातल्या अनेकांचा समज आहे की ऑनलाइन कंपनीशी भांडायचं तर तिच्या शहरात जावं लागतं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी जळगाव. दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वस्तू धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असंही कंपनी सुनावते, मला सुनावलं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या साधनाला कायद्याने संरक्षण दिलं आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असलाच पाहिजे, 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवं. या कंपनीच्या संकेतस्थळावर असं नाव मला कुठेही सापडलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, जळगावच्या आयोगासाठी कागदपत्रं तयार आहेत. पुरावा म्हणून टेबल मोडलं तसंच ठेवलंय. कामासाठी फैजपूरच्या वेल्डरकडून साधी लोखंडी फळी साखळीवर बसवून घेतली.

धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, आणि त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडेही अर्ज देता येतो. तो मी देणार आहे, कारण त्याच कारखान्यातली टेबलं आणखी गाड्यांना लागलेली असणार. काही जण त्यावर गॅसची शेगडी ठेवून चहा करतात, शेजारी पोरं उभी असतात. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या गाडीला असं टेबल असेल, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, त्यांनी दोन्ही तारांच्या टोकाची नळी बोटाने चाचपून, तार जोराने ओढून पाहावी. तार जराही सरकली तर टेबल वापरू नये, आणि बिल जपून ठेवावं.

आपला नम्र,
एक मोटार-स्टार्टर कारागीर
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव