शेवटची दोन मिनिटं

नागपूर, 12 डिसेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. रविवारची शिवाजीनगर जिमखान्यावरची बास्केटबॉलची फायनल तुझ्याकडे आली, तीही दोनच रेफ्रींची, हे ऐकून आनंद झाला. शेवटच्या दोन मिनिटांचं तेवढं सांगायचं होतं, बाकीचं तुला येतंच.

तेव्हाची चूक नियम माहीत नसल्याने क्वचितच होते. ती होते उभं राहण्याच्या जागेमुळे. समज, एका पॉइंटचा फरक आहे आणि चेंडू घेतलेला गार्ड उजवीकडून आत घुसतोय. ट्रेल, म्हणजे चढाईच्या मागे राहणारा रेफ्री, म्हणून तू त्याच्या थेट मागे असशील तर तुला दिसणार त्याची पाठ. डिफेंडरचा हात मनगटावर पडला की चेंडूवर, हे पाठीआडून कसं कळेल बाप्पा? चेंडू उजवीकडे वळला की तू दोन पावलं मध्याकडे सरक. दोघांच्या अंगांमधली फट दिसली पाहिजे. ती बुजली की पुन्हा सरक. ही पावलं ड्राइव्हच्या, म्हणजे तो आत घुसण्याच्या, आधी पडायला हवीत. दमलेला रेफ्री नेमका तेव्हाच जागच्या जागी उभा राहून बघत बसतो.

मागे असलेली टीम घड्याळ थांबवायला फाउल करणारच. पहिला खरा स्पर्श झाला की शिट्टी वाजव. तू सोडलास तर तोच पोरगा दुसऱ्यांदा जोरात मारतो, आणि साध्या फाउलचं भांडण होतं. पण हात चेंडूकडे न जाता मागून जर्सी ओढली, तर तो अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खेळाला न शोभणारा फाउल: ज्यांच्यावर फाउल झाला त्यांना दोन फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. तिथे कचरू नकोस.

सगळ्यात जास्त घोळ टाइमआउटनंतर होतो. समोरच्यांनी बास्केट केला, ज्यांचा चेंडू त्यांनी टाइमआउट घेतला, की त्यांचा कोच थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत देणं) पुढे, टेबलसमोरच्या साइडलाइनवरच्या खुणेपाशी घेऊ शकतो. मग शॉट क्लॉकवर (शॉट मारायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) 14 सेकंद हवेत; टेबलवरची मुलं सवयीने 24 ठेवतात. कोचला स्वतः विचार, जागा हाताने दाखव, आणि दोन्ही घड्याळं बघितल्याशिवाय चेंडू देऊ नकोस. डिफेंडरला रेषेपलीकडे हात न नेण्याचा इशाराही तेव्हाच दे. खेळाचं घड्याळ 0.2 सेकंद दाखवत असेल तर चेंडू पकडून मारलेला शॉट धरायचा नाही, फक्त टॅप (न पकडता हाताने ढकलणं) किंवा डंक (वरून थेट बास्केटमध्ये घालणं) चालतो. 0.3 असेल तर पकडून मारता येतो. हे पार्टनरशी आधीच, मोठ्याने बोलून घे.

शेवटचा शॉट ट्रेलचा. बोर्डवर वेळ संपल्यावर पेटणारा दिवा असेल तर शूटरचा हात आणि दिवा एका नजरेत बसतील असा उभा राहा. दिवा नसेल तर डोळे शूटरच्या हातावर आणि कान हॉर्नवर. चेंडू सुटला की नजर त्याच्यामागे उडते, तिला आवर. शूटरचे पाय जमिनीला टेकेपर्यंत तो तुझाच आहे, कारण त्याच्या पायाखाली येणारा डिफेंडर दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. लीडने, म्हणजे बास्केटजवळच्या दुसऱ्या रेफ्रीने, वर बघूच नये. बास्केटखालची ढकलाढकली त्याची.

निर्णयावर तुमचं एकमत झालं नाही, तर आधी दोघं मिळून बोला, लागलं तर टेबललाही विचारा. कोचांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका. शेवटचा शब्द क्रू चीफचा, म्हणजे मुख्य रेफ्रीचा, म्हणजे तुझा.

शनिवारी संध्याकाळी कोर्टवर जाऊन दोन्ही घड्याळं आणि हॉर्न चालवून बघ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय