आठवड्याला ५० गोळ्या

श्टुटगार्ट,
रविवार रात्र

ती. बाबा व ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझी काळजी. पिस्तूल माझ्या खोलीवर नाही, नेमबाजी क्लबाच्या तिजोरीत असतं. इथे स्वतःचं घ्यायचं तर वर्षभर क्लबात नियमित सराव केल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तेव्हा निवांत झोप.

बाबा, रेंज मला फक्त रविवारी तासभर मिळते. पॉइंट टू-टूची (.२२ या छोट्या काडतुसांची) एक पेटी, म्हणजे ५० गोळ्या. त्याहून जास्त परवडत नाहीत. पहिल्या महिन्यात मी त्या २० मिनिटांत संपवायचो, दिवाळीत लवंगी लावावी तशा! शेवटच्या दहा कागदावर शोधाव्या लागायच्या. क्लबातले एक आजोबा दोन रविवार गप्प होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर एक वही ठेवली.

आता गोळी सुटली की लगेच दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. चाप सुटला तेव्हा माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) कुठे होती ते आधी वहीत लिहायचं, मगच बघायचं. सुरुवातीला लिहिलेलं आणि कागदावरचं भोक यांचा काडीचा मेळ नसायचा. चाप दाबताना मी चक्क डोळे मिटत होतो! आता दहातल्या सहा-सात वेळा जुळतं. पाच झाल्या की पिस्तूल खाली ठेवून दम खायचा. हात उचलून आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली. हे फार जड जातं, मन म्हणतं मारूनच टाक.

पहिली दहा मिनिटं तर खरी गोळी नाहीच. आत खोटं काडतूस घालून (रिकामं दाबलं तर टू-टूच्या काही पिस्तुलांची पिन बिघडते) कोऱ्या कागदाकडे नुसता चाप दाबायचा. माशी हलली की चोरी पकडली जाते.

सोमवार ते शनिवार खोलीवर पाण्याची लिटरची बाटली हातात धरून भिंतीसमोर उभा राहतो. रूममेटला वाटतं आमच्यात ही पूजा असते.

सुमीलाही सरावाला छर्रे कमी मिळतात म्हणून रडू नको म्हणावं. आधी वही घाल.

बाबा, तुम्ही मला क्रीडामानसतज्ज्ञ भीष्मराज बाम सरांच्या व्याख्यानाला ओढत नेलं होतं आणि मी मागच्या रांगेत डुलक्या काढल्या होत्या. तुम्ही मात्र टिपणं घेत होतात. ती वही माळ्यावर असेल तर पानांचे फोटो पाठवा.

तुमचा,
बाळू