सुतळीवालीकडून काकूंना

काकू,

हे तुम्हाला तोंडावर सांगायला गेले तर तुम्ही "चाल, पेळू (कातायची कापसाची वळलेली वात) घे हातात" म्हणून विषयच संपवाल, म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. नातवाला वाचून दाखवायला सांगा.

आजोबांचा पेटी चरखा आमच्याकडे वर्षानुवर्षं शोकेसमध्ये होता. पाहुणे आले की अय्या गांधीजींचा का म्हणायचे, फोटो काढायचे, आणि मी दिवाळीला त्याच्यावर फडकं मारायचे, बस एवढंच. मागच्या २ ऑक्टोबरला काय डोक्यात आलं माहीत नाही, खाली काढला, मेडिकलमधून कापसाचा रोल आणला (हसू नका, तेव्हा तुम्ही हसून झालंय) आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून बसले. दोन तासात वीतभर सूत निघालं नाही. माळ (चाती फिरवणारी दोरी) घसरत होती, चाती (ज्या टोकदार सळईवर सूत गुंडाळलं जातं ती) थरथरत होती, शेवटी नवरा म्हणाला ठेव परत शोकेसमध्ये. मग कुणाकडून तरी कळलं की आपल्याच कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी कताईवाले जमतात, आणि मी पेटी उचलून आले.

बाकी सगळ्यांनी माझं सूत बघून वा वा, पहिल्यांदाच ना, छान आहे म्हटलं. तुम्ही ते दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेलं, उजेडात बघितलं आणि म्हणालात, "हे सूत नाही वं पोरी, सुतळी हाये." मला इतका राग आला होता काकू, खरं सांगते, घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं मी परत जाणार नाही तिथे. पण त्याच दिवशी तुम्ही माझी चाती काढून खिडकीच्या काचेवर लोळवून दाखवली होती, कुठे वाकलीय ते, आणि हळूहळू ठोकून सरळ करून दिली होती, माळेला राळ चोळून दिली होती, मेडिकलचा कापूस का कातला जात नाही (तंतू तोकडे, वर धुऊन त्यातलं तेलमेण सगळं काढून टाकलेलं) हे समजावून स्वतःच्या पिशवीतले दहा पेळू दिले होते. आता दहा पेळू घरात घेऊन रुसून कसं बसायचं. आले पुढच्या रविवारी.

तुम्ही शिकवलेली एक गोष्ट तर मला आजही झोपेत येते. उजवा हात चाक फिरवतोय, डावा मागे जातोय, चातीच्या टोकावरून धागा टक् टक् टक् सुटतोय, आणि मी घाबरून पेळू घट्ट चिमटून धरायची. चिमटलं की पीळ पुढे सरकतच नाही, धागा एकीकडे जाड, एकीकडे केसासारखा, आणि तुटला. तुम्ही माझ्या अंगठ्यावर टिचकी मारायच्या, "सोड त्याले, पीळ चढू दे." शंभर वेळा तरी मारली असेल. पण एकदाही माझ्या हातातून चरखा घेऊन स्वतः कातून दाखवलं नाहीत, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आणि मे महिन्यात, ४५ डिग्रीत, सगळ्यांचे धागे तटातट तुटायला लागले तेव्हा तुम्हीच म्हणालात कूलर लावा पण तोंड भिंतीकडे करा, कापसाला ओल लागते, वारा नाही लागत. काय बाप्पा डोकं तुमचं!

वर्ध्याची ट्रिप तर विसरूच शकत नाही. मगन संग्रहालयात तुम्ही एकेका चरख्यापुढे अशा थांबत होता की जणू नातेवाईक भेटलेत. पेटी चरख्याला येरवडा चरखा का म्हणतात, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्यावर कसे प्रयोग केले, सगळं तोंडपाठ. १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं होतं, किंमत दीडशे रुपयांच्या आत आणि आठ तासात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे ही अट, आणि ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही हेही तिथेच सांगितलंत. चार फुटाचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० ची गुंडी, म्हणजे आठ तासात सहा गुंड्यांच्या वर! मला तेव्हा एक गुंडी व्हायला अख्खा महिना लागला होता. परतीच्या गाडीत मी हे बोलले तर म्हणालात तुझी सुतळी मोजायला तार नाही, वजनकाटा लागते.

पण सगळ्यात मोठा थँक्यू त्या सुतळीसाठीच. मी ती लाजून डस्टबिनमध्ये टाकायला निघाले होते, तुम्ही काढून घेतली, काही बोलला नाहीत. मग जूनमध्ये ग्रुपच्या टेबललूमवर (टेबलावरचा छोटा हातमाग) मी पहिल्यांदा ताणा, म्हणजे उभे धागे, भरला आणि मागाच्या फणीत धाग्यांचा क्रम चुकवून ठेवला, १२० धागे, मी रडायच्या बेतात, तुम्ही गुडघे दुखत असताना दोन तास बसून एकेक धागा परत ओवून घेतलात. त्यानंतर पिशवीतून माझीच ती पहिली सगळी सुतळी काढली, धोट्यावर (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) गुंडाळलेली, आणि म्हणालात आता भर बाणा, म्हणजे आडवा धागा, जाड सुताचं आसन मस्त होते.

झालं मस्त. एका काठाला थोडं आत गेलंय, ओढून धरलं होतं मी. शोकेसच्या त्या कप्प्यात आता नवऱ्याच्या ट्रॉफ्या आल्यात, चरखा खाली आसनाशेजारी असतो.

तुमची राळेची डबी माझ्याकडेच राहिलीय. रविवारी आणते.

तुमची,
सुतळीवाली