पाठमोरं सूर्यफूल

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, कुंडीत सूर्यफूल येतं का गं? येतं. आज सकाळीच माझ्या बाल्कनीत पहिलं उमललं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुझी रोपं वाचतील. गेल्या वर्षी मी बी छोट्या कपांत रुजवलं आणि रोपं वीतभर झाल्यावर मोठ्या कुंडीत हलवली. सूर्यफुलाचं सोटमूळ सरळ खाली धावतं. कपाच्या तळाशी ते वळून बसलं होतं, काढताना तुटलं. चारांतल्या तिघांनी माना टाकल्या. फार वाईट वाटलं होतं. यंदा बी थेट कुंडीतच, बोटाच्या पेराएवढं खोल टोचलं. तू दोन-अडीच फुटांची बुटकी जात घे, तिला फूटभर खोल कुंडी पुरते. दोन बिया लाव आणि त्यातलं अशक्त रोप कात्रीने काप. उपटू नकोस, शेजारच्याचं मूळ हलतं. खत बेतानेच घाल. नत्र जास्त झालं की नुसती पानं माजतात.

आठव्या दिवशी कोंब वर आला तेव्हा बियाचं टरफल दोन्ही दलांवर टोपीसारखं अडकलं होतं. हाताने काढायचा मोह आवरला, फक्त पाण्याचा फवारा मारला. संध्याकाळी दलं उघडली होती आणि टरफल मातीवर पडलं होतं.

पण खरी गंमत पुढे. कोवळं रोप दिवसभर उन्हामागे मान वळवतं आणि रात्रीतून पुन्हा पूर्वेला येतं. दिवसा खोडाची पूर्वेची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेची. फूल उमलताना वाढ थांबते आणि ते पूर्वेकडेच तोंड करून राहतं. माझी बाल्कनी पूर्वेची, त्यामुळे खोलीतून मला दिसते ती फुलाची पाठ, एकावर एक बसलेल्या टोकदार, लवदार हिरव्या पानांची.

कुंडी वळवावी असं मनात आलं होतं. मग वाचलं, की कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रयोग केला होता, 2016 साली तो प्रसिद्ध झाला. कुंड्या फिरवून काही फुलं पश्चिमेकडे ठेवली. पूर्वेकडे पाहणाऱ्या फुलांवर सकाळी सुमारे पाचपट मधमाश्या आल्या, कारण ती लवकर ऊबदार होतात. मी कुंडीला हात लावला नाही.

आज कठड्याला टेकून बाजूने बघत होते. मधल्या चकतीत शेकडो बारीक फुलं असतात. आज फक्त कडेची रांग उघडली आहे, आत सगळं हिरवं, मिटलेलं. एक मधमाशी त्या कडेकडेनेच गोल फिरली. पाय पिवळे झाले होते तिचे.

आपली बाल्कनी पश्चिमेची, सकाळचं ऊन तिथे येत नाही. तू कुंडी गच्चीतच ठेव, आणि माती भरायच्या आधी जागेवर ठेव, नाहीतर बाबा ती जड कुंडी उचलायला जातील. ठेवताना तिच्या पूर्वेला तुझी खुर्ची मावेल एवढी जागा सोड.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक