नोटीस आल्यावरच वकील आठवतो

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका छोट्या केमिकल कंपनीत 19 वर्षं प्लांट बघतोय, राहतो हडपसरला. आमच्यासारख्या स्पेशालिटी केमिकलवाल्यांकडे केमिस्ट असतो, सीए असतो, वकील मात्र नोटीस हातात पडल्यावर शोधतात, त्याबद्दल लिहितोय.

मागे आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी प्रदूषण नियंत्रण मंडळाची कारवाईची नोटीस आली, उत्तराला 15 दिवस. मालकांनी कपाटातून कन्सेंटची, म्हणजे कारखाना चालवायला मंडळ जी संमती देतं तिची, फाइल काढली, प्रॉडक्टच्या यादीवर बोट ठेवून वाचत गेले, तर जे प्रॉडक्ट आम्ही 4 महिने बनवत होतो ते यादीतच नाही! कस्टमरने ऑर्डर दिली, रिॲक्टर (केमिकल बनवायची टाकी) मोकळा होता, घेतलं बनवायला, कन्सेंट बदलून घ्यावी लागते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चूक आमचीच होती. मग ओळखीचे वकील गाठले, ते बिचारे सातबारा आणि वाटणीच्या केस लढवणारे, कन्सेंट म्हणजे काय हे त्यांना आम्हीच सांगत बसलो आणि त्यात 5 दिवस गेले.

करारांचं तर विचारूच नका. मोठ्या कंपनीचा 40 पानी इंग्रजी करार येतो, आत कुठेतरी लिहिलेलं असतं की मालामुळे काहीही नुकसान झालं तर सगळी भरपाई सप्लायरने द्यायची, रकमेला मर्यादा नाही, आणि आपण ऑर्डर जाईल या भीतीने सही करून मोकळे होतो. युरोपात एका इम्पोर्टरकडे वर्षाला 1 टन किंवा जास्त माल गेला की रीच, म्हणजे तिकडच्या केमिकलच्या कायद्याखाली, रजिस्ट्रेशन लागतं, ते त्याने करायचं की आपण तिकडे प्रतिनिधी नेमायचा हे आधी ठरलेलं नसलं की माल पाठवताना भांडण ठरलेलं.

आणि "आमची फायर पॉलिसी आहे की" म्हणणारे मालक भेटले की मला खरंच काळजी वाटते, कारण त्यात बाहेरच्या लोकांची भरपाई येत नाही. 1985 साली दिल्लीत ओलियमची (एक जहाल ॲसिड) गळती झाली, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की धोकादायक धंदा करणाऱ्याने काळजी घेतली होती असं म्हणून चालणार नाही, भरपाई द्यावीच लागेल. बाहेरच्या लोकांना इजा झाली तर लगेच मदत मिळावी म्हणून 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने धोकादायक मालाच्या ठराविक साठ्याच्या वर वेगळा विमा सक्तीचा आहे, तो किती जणांनी वाचलाय? शेवटी गळती झाली तर आधी आमचे ऑपरेटर आणि शेजारच्या वस्तीतली माणसं सापडतात.

पर्यावरणाच्या केस चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच बसतं, म्हणजे या कायद्यातले जाणकार वकील इथे आहेत. छोट्या युनिटला एकट्याने त्यांची फी झेपत नाही, पण 20-25 युनिटनी मिळून एक वकील ठेवला तर नक्की झेपेल. त्यांनी कन्सेंटच्या अटी, करार, विमा आधीच तपासावा आणि शिफ्टच्या सुपरवायझरना मराठीत समजावून सांगावं, कारण रात्री 2 वाजता व्हॉल्व्ह उघडणारा तोच असतो. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या कारखानदारांच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, कोणी वकील महिन्यातला एक शनिवार द्यायला तयार असतील तर कृपया आपल्या पेपरमार्फत कळवावं.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे