मंत्रीसाहेब, आमचा तलाव आपोआप नाही बुजला

माननीय जलसंधारण मंत्री साहेब, नमस्कार.

मी भंडारा जिल्ह्यातला ढिवर, मासेमारी करणारा. आमच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातला गाळ यंदा उन्हाळ्यात काढून देतो असं तुमच्या माणसांनी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून सांगितलं होतं, जून लागला तरी मशीन आली नाही, आणि सोमवारी विचारायला गेलो तर एक साहेब म्हणाले, तलावाची जमीन होणं ही नैसर्गिक प्रक्रिया आहे, त्याला कोण काय करणार. रात्रभर झोप नाही लागली.

नैसर्गिक आहे हे मला पण माहितीये. आधी पाण्याखाली चिला नावाचं पाणगवत, मग कमळ, शिंगाडा, तळ वर आला की काठावरून पाणकणीस आत सरकतं, ते मेलं की तिथंच कुजतं, पावसाची माती त्यात अडकते, मग गवत, मग बाभळी. पण याला पिढ्यान्‌पिढ्या लागतात हो! आमच्याकडं वीस वर्षांत झालं. वरच्या धानाच्या बांध्यांमधला युरिया वाहून येतो, बेशरमीची झुडपं माजलीत. बाबांचा अख्खा बांबू जिथं बुडायचा तिथं गेल्या दिवाळीनंतर मी उभा होतो, घोटाभर चिखल, बाजूला म्हैस चरत होती. आमची होडी, डोंगा, दोन वर्षं पाळीवर पालथा पडलाय, फळ्यांना भेगा गेल्यात. बाबांना अजून सांगितलं नाही, ते खाटेवरून रोज विचारतात, मरळ लागली का रे.

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव इतकी वर्षं टिकले कारण लोक उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायचे, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, साफ ठेवायचे. म्हणजे हीच नैसर्गिक प्रक्रिया ते दरवर्षी मागं ढकलायचे. 1951 ला मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले आणि ढकलणारे हातच गेले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत. 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे पाटबंधारेकडे, मासे तिसऱ्या खात्याकडे, अतिक्रमण महसूलकडे, आणि आम्ही मात्र चारही दारात उभे! 2017 ला गाळमुक्त धरण योजना आली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते साहेब. आमच्या पोरांनी पुण्याला जाऊन वॉचमनच व्हायचं का?

गाळ काढा, पण ढिवरांना विचारून काढा, चिला सगळा खरवडला तर मासा अंडी कुठं घालणार. काठावर कुणीतरी खुंट्या रोवल्यात, त्या आधी उपटा. आणि एकदा स्वतः या. बाबांचा बांबू घरात आहे, तो टाकून दाखवतो.